कानबाई दुसऱ्याच गाडीत

तीन वर्षांपूर्वी श्रावणात मी आमच्या कुळाची देवी एका अनोळखी कुटुंबाच्या गाडीत ठेवली आणि डिकीचं दार नीट लावून घेतलं.

आमची कानबाई म्हणजे आजोबांच्या वेळचा, सुकून खुळखुळणारा नारळ. वर्षभर तो पिंप्राळ्याला थोरल्या काकूकडे, म्हणजे आमच्या अक्काकडे असतो. त्या वर्षी उत्सवात कानबाई बसणार होती धुळ्याला, चुलतभावाकडे. अक्का तयारीसाठी आधीच गेलेली. नारळाचा डबा माझ्या हवाली, कारण माझ्याकडे नवी गाडी! जपानी, पांढरी, सात सीटांची. हीच गाडी इथं दोन कंपन्या दोन नावांनी विकतात. परदेशात म्हणे तिसरंच नाव. साडूकडे पहिल्या नावाची होती, म्हणून मी हट्टानं दुसऱ्या नावाची घेतली आणि दोन्हींत किती फरक आहे यावर सासुरवाडीत अर्धा तास बोललो.

पारोळ्याजवळ चहाला थांबलो. देवीला एकटं कसं सोडायचं? डबा सोबत नेला. परत येतो तर डिकी उघडी. (आपणच विसरलो, दुसरं काय!) डबा ठेवला, दार लावलं, पुढं जाऊन हँडलला हात घालणार, तोच गाडी निघून गेली!

मागं माझी गाडी शांत उभी होती. गेलेल्या गाडीवर साडूच्या गाडीचं नाव. फरक तेवढाच!

पाठलाग सुरू केला. त्या दिवशी रस्त्यावर पांढऱ्या सात सीटांच्या गाड्यांशिवाय काही धावतच नव्हतं! दोन गाड्या अडवल्या. दुसरीतले गृहस्थ म्हणाले, "डिकी कशाला उघडू? तुम्ही कोण, आरटीओ?"

तेवढ्यात अक्काचा फोन.

"कोठे शे रे भाऊ तू? बठ्ठा वाट देखी रायनात."

"आलोच, अक्का. सगळ्यांना सांग."

"बाई नीट शे ना?"

"एकदम आरामात आहे." (खोटं नव्हतं. फक्त कुठं, ते माहीत नव्हतं.)

धुळ्याच्या वेशीवर पाठलाग सोडला. किराणा दुकानात गेलो.

"नारळ द्या. जुना."

"साहेब, लोक ताजा मागतात!"

ताजाच घेतला. वरचा काथ्या हातानं ओरबाडून म्हातारा केला, नव्या डब्यात घातला. अक्कानं नारळ उचलला.

"यंदा बाई जड कशी लागस रे?"

"कृपा जड असते, अक्का."

तिनं हात जोडले. चाळीस माणसांनी जोडले. मीही जोडले, पण डोळे उघडायची हिंमत होईना. पुढं पुतणीचं लग्न जमलं, भावाची बदली रद्द झाली, सगळे म्हणाले, बाईची कृपा! दरवर्षी मी आणखी गप्प.

यंदा कानबाईच्या आदल्या आठवड्यात राहवलं नाही. अक्कासमोर बसून सगळं सांगून टाकलं. तिनं नारळ हातात घेतला.

"तीन वरीस पुजी. आते हाईच बाई."

आता हीच बाई! मी रडायचाच बाकी होतो.

"पन तुन्ही गाडीमा नही!"

यंदा कानबाई अक्काच्या मांडीवर एसटीनं धुळ्याला गेली. मागोमाग मी, सहा सीटा रिकाम्या घेऊन. माझ्या भरवशावर अक्कानं फक्त चपलांची पिशवी दिली होती. उतरल्यावर तीही उघडून पाहिली, आणि चपला आपल्याच आहेत ना, म्हणून पायात घालून बघितल्या.