व्दोवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि भाजीत मीठ जास्त पडलं तरी जिला फोन करून सांगते त्या नागपूरच्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

इकडे परदेशात, शॉमबर्गला आमच्या शेजारी हेलेना राहायची. मूळची पोलंडची, माझ्या आईच्या वयाची; माझी लेक तिला मावशी म्हणायची. ऑफिसातून आले की मी आधी तिच्याकडे चहा घ्यायची, मग स्वतःच्या घरी जायची. तिच्या स्वयंपाकघरात आमचा शब्दांचा खेळ चालायचा. ती म्हणायची ब्रात, मी म्हणायची भ्राता. जुळलं की ती टेबलावर थाप मारायची, चहा सांडेल अशी. काय दिवस होते ते! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती सगळ्यांच्या आधी हजर — कुंकू लावून घ्यायची, मला लावायची, वाणाची वाटी कौतुकाने खिडकीत मांडायची.

मग तिचा नवरा गेला. काही आठवड्यांनी त्याच टेबलाशी ती म्हणाली, आमच्या भाषेत आता मी व्दोवा. तुमच्यात काय म्हणतात? मी म्हटलं, विधवा. ती बघतच राहिली. रशियनमध्ये तोच शब्द, झेकमध्येही तोच, सर्बियनमध्ये उदोवित्सा. सगळे तिनेच सांगितले. एवढ्या देशांतल्या बायका आणि शब्द एकच, म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. आता गप्प बसावं की नाही? मी शाळेतलं ज्ञान पाजळलं: वि म्हणजे विना, धव म्हणजे नवरा. घरी येऊन शोधलं तर जाणकार उलटंच सांगतात. मुळात या शब्दात नवरा नव्हताच; वेगळी पडलेली, एवढाच अर्थ. 'धव' त्यातून मागाहून काढलेला. हेही तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणि वर फुशारकी — पूर्वी आमच्यात विधवांना हळदीकुंकवाला बोलवत नसत, आता आम्ही तसलं काही मानत नाही.

मानत नाही? त्याच फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, माझ्या नवऱ्याला स्टेंट घालावा लागला. जानेवारीत हेलेनाने विचारलं, यंदा तुझा बायकांचा दिवस कधी? मी म्हटलं, यंदा कॅन्सल केलं.

लोक काय म्हणतील म्हणून तसं बोलले, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आले. साफ खोटं. कुणी काही म्हणणार नव्हतं. मला — कसं सांगू? — मला तिचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला नको होतं. इंजिनिअर झालेली बाई मी, दुसऱ्यांच्या अंधश्रद्धांवर तोंडसुख घेणारी. जनाची नाही, निदान मनाची तरी? तीही नव्हती. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना मेसेज केला — आमच्या दारात बर्फ साचलाय, गाड्या लांब पार्क करा.

दुपारी बेल वाजली. दारात हेलेना, हातात अजून गरम असलेला खसखशीचा केक. कार्यक्रम नाही म्हणून मी उदास असेन, असं तिला वाटलं होतं. माझ्या अंगावर पैठणी, पायाशी बायकांच्या बुटांचा ढीग. तिने बूट पाहिले, मग माझं कुंकू पाहिलं. मला नुसतं 'ये' म्हणायचं होतं. जीभ झडली असती का माझी?

आतून जोशी काकूंनी हाक मारली, "अगं, कोण आहे? बोलाव ना आत!"

"डिलिव्हरी आहे, काकू," मी ओरडून सांगितलं.

तेवढं कळायला हेलेनाला मराठी यायची गरज नव्हती. तिने केक माझ्या हातात दिला आणि बर्फातून जपून पावलं टाकत परत गेली. उन्हाळ्यात ती मुलीकडे कायमची राहायला गेली. तोवर दिसली की ती हात करायची, मीही करायची. चहाला मात्र मी पुन्हा गेले नाही.

आणि त्या दुपारी? केक मी आत नेला, कापला, सगळ्यांना वाढला. सगळ्या जणी बोटं चाटत होत्या. जोशी काकूंनी बेकरीचं नाव विचारलं. मी एक नाव सांगितलं.