सुनेची भाऊबीज

अंबरपेठेत चतुराबाईंच्या दोन म्हशी होत्या, पण बाईंच्या रागाची ख्याती त्या म्हशींच्या दुधापेक्षा लांब पोचली होती. नल्लकुंट्यापर्यंत त्या दूध घालायच्या. एखादी कोणी म्हणाली, "बाई, आज दूध पातळ वाटतंय," की चतुराबाई तिथल्या तिथे चरवी उचलून चालू लागायच्या, आणि तीच बाई "अहो थांबा, थांबा" करत मागे धावायची. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातून लग्न होऊन निजामाच्या शहरात आलेल्या. नवरा लवकर गेला, पदरी विठ्ठल हा एकच मुलगा. रागावल्याशिवाय या शहरात निभाव लागायचा नाही, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

त्या रागाला पुरून उरायचा तो एकटा दत्तोबा, त्यांचा धाकटा भाऊ. गावाकडून आला की दारातूनच ओरडायचा, "आक्का, तुझ्या सुनेनं नमस्कार सांगितलाय!" सून म्हणजे त्याची लेक सरोज. मामाची मुलगी आत्याच्या मुलाला करायची, ही त्यांच्यातली रीत. सरोजच्या बारशाला चतुराबाईंनी आत्याच्या मानाने कानात नाव सांगितलं, तेव्हा दत्तोबाने ते तान्हं पोर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं होतं. "घे आक्का, तुझी सून. चार माणसांत शब्द दिला." तेव्हापासून त्या तिला सूनच म्हणायच्या. सगळी आळी म्हणायची.

मग रझाकारांची धामधूम सुरू झाली. दत्तोबा सहा वर्षांच्या सरोजला घेऊन आला, तिला आत्याच्या दारात उतरवलं आणि बायकोला आणायला उलट पावली परत गेला. गाव जळाल्याची बातमी आली. त्या दोघांच्या मरणाची आली ती त्यानंतर, आणि एकदमच आली.

चतुराबाईंनी रडून घेतलं आणि कामाला लागल्या. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रस्त्यातून मिरवणुका निघाल्या. लोक पेढे वाटत होते तेव्हा चतुराबाई तापाने फणफणलेल्या सरोजच्या कपाळावर पट्ट्या बदलत बसल्या होत्या. गावाकडचं एक माणूस त्या पोरीला बघायला आलं नाही. थोरला चुलतभाऊ हिम्मतराव, ज्याला चतुराबाईंनी लहानपणापासून दर भाऊबीजेला ओवाळलं, त्याने जिवंत आहेस की मेलीस हेही विचारलं नाही.

आणि दोन वर्षांनी त्याला पुतणी आठवली! जमिनीचे नवे कायदे येणार अशी बोलवा उठली होती. दत्तोबाच्या वाट्याची काळी जमीन आता सरोजची होती, आणि सरोज पडली नाबालिग. जो तिचा वली होईल, म्हणजे कायद्याने तिचा पालक ठरेल, त्याच्या हाती पोरही जाणार आणि जमीनही. हिम्मतरावाने कोर्टात अर्ज ठोकला: मुलगी आमच्या घराण्याची, बाई दुसऱ्या घरची, त्यातून विधवा, म्हशी पाळणारी; मुलगी आमच्या ताब्यात द्यावी.

चतुराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशाच चरवी हातात घेऊन त्या सुलतान बाजारात एकनाथराव वकिलांच्या माडीवर चढल्या. एकनाथराव जुन्या शहरी घराण्यातले, तीन पिढ्यांची वकिली, बोलणं मोजकं आणि निम्मं उर्दू. त्यांच्या घरी दूध चतुराबाईंचंच जायचं.

"वकीलसाब, त्या मुडद्याच्या नावानं उलटा अर्ज लिवा. पोरगी मी देत नसते."

"अर्ज करू, बाई. पण कोर्टात एवढ्या मोठ्यानं बोलायचं नाही. विचारतील तेवढंच सांगायचं."

तेवढंच तर त्यांनी सांगितलं. पहिल्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, पांढऱ्या दाढीच्या मुन्सिफसाहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "ये बच्ची तुम्हारी कौन लगती, अम्मा?"

भाची म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण चतुराबाईंनी मान ताठ केली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भरल्या कोर्टात ठणकावून सांगितलं, "माझी सून आहे, साहेब. माझ्या भावानं दिलेली."

एकनाथरावांनी कपाळाला हात लावला. समोरचा वकील टुणकन उभा राहिला. आठ वर्षांची सून! म्हणजे बाईंचा डोळा जमिनीवर आहे हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. नाबालिग पोर घरात घालून घ्यायची, मुलाशी लग्न लावायचं, की जमीन आपोआप घरात. अशा बाईला वली कसं करायचं? मुन्सिफसाहेबांनी चतुराबाईंकडे पाहिलं, त्या पाहण्यात मघाचं अम्मापण राहिलं नव्हतं. पुढची पेशी दिवाळीनंतरची पडली.

कोर्टाच्या आवारात चतुराबाईंनी हिम्मतरावाला गाठलं.

"दादा, लाज नाही वाटत? पोर तापानं मरायला टेकली होती तवा कुठं होता तुमी? आता नेऊन काय करणार तिचं?"

हिम्मतराव पान चघळत होता. "काय करणार म्हंजे? माझ्या मेहुण्याच्या पोराला देणार. घरची जमीन घरात ऱ्हाईल. अन् तू कायकू एवढी भडकायलीस, चतुरा? तू तरी काय दुसरं करायलीस? मी मेहुण्याच्या पोराला देतो, तू पोटच्या पोराला देतीस. झालं बराबर."

चतुराबाईंनी पदर खोचला आणि पाठ फिरवली. त्या पायी घरी आल्या. वाटेत स्वतःशीच बोलत होत्या, इतक्या मोठ्याने की टांगेवाले वळून बघत होते. बराबर? त्याचं आणि माझं बराबर? ज्याने पोरीला घोटभर पाणी पाजलं नाही तो, आणि मी? राग हिम्मतरावाचा होता, वकिलांचा होता, त्या दाढीवाल्या साहेबाचा होता. पण गोठ्यात शिरून सरोजला बघितलं आणि तो राग फिरून स्वतःच्याच अंगावर आला. पोर म्हशीच्या पाठीला गाल लावून उभी होती. "आत्याबाई, मला न्यायला आले का?" तिने विचारलं. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. बारशाला नाही, कोर्टात नाही.

दुसऱ्या दिवशी माडीवर एकनाथराव म्हणाले, "हे लग्न करणार नाही असं लिहून द्या, बाई."

"लिवलेलं कोण मानतंय? उद्या तोच म्हणंल, बाईनं अंगठा दिला अन् फिरली." मग त्या एकदम उसळल्या. "अन् माझ्या दत्त्याचा शब्द? जाताना माझ्या भरवशावर टाकून गेला नव्हं पोरगी? मेला स्वतः गेला आगीत, अन् मला टाकलं हितं!" वकिलांच्या माडीवर त्या मेलेल्या भावाला तोंडाला येईल ते बोलल्या.

भाऊबीजेला चतुराबाईंनी अंगण सारवलं, रांगोळी घातली आणि सगळ्या आळीला बोलावलं. दुधाची गिऱ्हाइकं आली, एकनाथराव आले. हिम्मतरावाबरोबर पेशीसाठी आलेले गावचे दोन म्हातारे शहरातच उतरले होते, त्यांनाही त्यांनी निरोप धाडून आणलं. चौदा वर्षांच्या विठ्ठलला पाटावर बसवलं आणि निरांजन लावलेलं ताम्हन सरोजच्या हातात दिलं.

"ओवाळ."

ज्याच्याशी लग्न व्हायचं त्या आतेभावाला त्यांच्यात मुलगी ओवाळत नाही. एकदा ओवाळलं की तो सख्ख्यासारखा भाऊ, मग त्या लग्नाचं नाव काढणंसुद्धा पाप. सरोजलाही ते ठाऊक होतं. ती ताम्हन धरून तशीच उभी राहिली. "आत्याबाई, मी तर विठूला..."

"ओवाळ म्हणते ना!" चतुराबाई कडाडल्या. "अन् विठू नाही म्हणायचं आता. दादा म्हण."

सरोजने ओवाळलं. विठ्ठलने ताम्हनात ओवाळणी घातली. चतुराबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या वेळी त्यांच्याजवळ जायची कोणाची छाती झाली नाही.

पुढच्या पेशीला एकनाथरावांनी भाऊबीजेची हकिगत कोर्टासमोर ठेवली, भाषण केलं नाही. त्यांनी हिम्मतरावाला शपथेवर एकच विचारलं, "तुमच्यात एखाद्या मुलीनं भाऊबीजेला ओवाळलेल्या मुलाशी तिचं लग्न होतं का?"

हिम्मतरावाने मागे पाहिलं. ते दोन म्हातारे मागच्या बाकावर बसून त्याच्याकडेच बघत होते. हो म्हणावं तर जन्मभर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. "नाही होत," तो पुटपुटला.

"जोर से बोलो," मुन्सिफसाहेब म्हणाले. आणि त्यांनी आपणहून आणखी एक गोष्ट विचारली: दोन वर्षं कुठे होतात?

सरोजच्या वली म्हणून चतुराबाईंचं नाव लागलं. बाहेर आल्यावर हिम्मतराव हसत हसत म्हणाला, "जाऊ दे चतुरा, झालं गेलं. बहीण-भावात असं चालायचंच. पुढच्या भाऊबीजेला येतो."

"माझा भाऊ एकच होता," चतुराबाई म्हणाल्या. "त्याचा शब्द तुमच्यापायी मोडला मी. माझ्या दाराला पाय लावाल तर शेणाची पाटी डोक्यावर उलटी करीन."

त्यांनी ते केलंही असतं. हिम्मतराव पुन्हा फिरकला नाही.

जमीन सरोजच्याच नावावर राहिली. अकरा वर्षांनी, शाळा शिकून, तिने स्वतः पसंत केलेल्या नल्लकुंट्यातल्या एका मास्तराशी तिचं लग्न अंबरपेठेतल्या त्याच अंगणात लागलं. कन्यादान एकनाथराव आणि त्यांच्या बायकोने केलं. चतुराबाई विधवा म्हणून मांडवाच्या कडेला, खांबाआड उभ्या होत्या आणि आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांवर खेकसत होत्या. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळायचा असतो. विठ्ठल पुढे झाला, आणि मास्तरांचा मान राखून त्याने कानाला नुसती दोन बोटं लावली.

तेवढ्यात खांबाआडून आवाज आला. रडून रडून बसलेला, तरी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा.

"अरे मुडद्या, नीट पीळ की! तुझी बहीण चाललीय!"