मिस ऑर्लीनने फोडलेला कप

मिस ऑर्लीन गॅड्सडेनला खडूस म्हणणाऱ्यांनी आधी तिचं म्युझियम बघावं. आमच्या बेटावर चर्चमागे काळ्या पोरांची जुनी शाळा आहे, तिच्या दोन खोल्यांत. चाळीस वर्षं कारखान्यात खेकडे सोलले त्या बाईने, आणि म्हातारपणी हे उभं केलं.

का केलं? रस्ता रुंद करायला आमच्या दफनभूमीवर यंत्र घातलं म्हणून! गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू आम्ही त्याच्या थडग्यावर ठेवतो; त्या कपबश्या, घड्याळं त्या लोकांना कचरा वाटली. ती यंत्रामागून चालत गेली आणि एकेक तुकडा ॲप्रनमध्ये वेचला. प्रत्येक तुकड्यापुढे चिठ्ठी ठेवली, कोणाचा ते लिहून.

मग राज्याने म्युझियमला अनुदान दिलं आणि वस्तूंची डागडुजी करायला राजधानीतून एक तज्ज्ञ पाठवला. उंटावरचा शहाणा! दोन आठवडे दार लावून बसला आणि रविवारी प्रार्थनेनंतर आम्हा सगळ्यांसमोर काचेचं कपाट उघडलं. मधोमध मिस ऑर्लीनच्या नवऱ्याचा, एझ्राचा, कॉफीचा कप. अख्खा! भोवती आमच्या माणसांच्या कपबश्याही तशाच सांधलेल्या.

"बघा मॅडम, नव्यासारखा!"

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"अहो, फुटलेला होता."

"फुटला नव्हता. मी फोडला होता. ह्या हातांनी, त्याच्या थडग्यावर."

तो हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस गेला की त्याचा शेवटचा कप आम्ही फोडूनच ठेवतो. मरणाची साखळी तुटावी, त्याने घरातल्या दुसऱ्या कोणाला बोलावू नये म्हणून. आणि मिस ऑर्लीनची एकुलती एक लेक लुवेनिया आठवडाभर दवाखान्यात पडलेली! एवढं विचारायला ह्याची जीभ झडली होती का?

"मॅडम, ह्या समजुती झाल्या. ही आता राज्याच्या नोंदीतली वस्तू आहे. हात लावलात तर अनुदान बंद."

"माणूस माझा, कप माझा, आणि हुकूम तुझा? वा रे वा!"

पास्टर मध्ये पडले. "मिस ऑर्लीन, म्युझियमचं छप्पर गळतंय, अनुदान लागेल. जरा दमानं घ्या."

"गळू दे, पास्टर. माझी पोरगी तिकडे सलाईनवर आहे."

तिने कप काढला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. तीन तुकडे झाले.

साहेब ओरडला, "मी हे लिहून घेतोय हं!"

"लिही. नाव नीट लिही."

तो खिशात पेन शोधत होता, तोवर मी बाकावरून उठले. माझ्यामागे आणखी बायका उठल्या.

"मिस ऑर्लीन," मी म्हटलं, "माझ्या आईची बशी दे इकडे."