सिस्टर आणि तडजोडीचा कागद

पेणच्या एका खासगी दवाखान्यातल्या आमच्या सिस्टर सुई टोचल्यावर माणसाला सोडत नसत. अर्धा तास समोर बसवून विचारत, "आज कालवण काय केलंत घरी?" उत्तर देताना कोणाची जीभ अडखळते, कोणाला घाम फुटतो, यावरून औषध बाधलं का, ते त्या ओळखत. मला स्वयंपाक येत नाही म्हटल्यावर माझा अर्धा तास त्यांनी खरडपट्टी काढण्यात घालवला.

एकदाच हा नेम मोडला. रोह्याच्या एका कंपनीत दवाखान्याचं करोनाच्या लशीचं शिबिर होतं. शिफ्ट सुटलेली, कंपनीची बस हॉर्न देत उभी. खांब गावचा कामगार नामदेव "गाडी जाईल, सिस्टर" म्हणत उठला आणि त्यांनी जाऊ दिलं. आठवड्याभरानं त्याच्या पायांतली ताकद गेली. त्यानं दवाखान्यावर आणि सिस्टरवर दावा लावला. दवाखान्याच्या वकिलांची ज्युनिअर म्हणून दाव्याचे कागद माझ्याकडे आले.

लशीनंच झालं का, हे डॉक्टरांना ठरवता येईना. त्या अर्ध्या तासाचा संबंध नाही, असं मात्र सगळेच सांगत होते. सिस्टरना पटत नव्हतं. "मी त्याला बसवला नाय गो," एवढंच त्या म्हणत. त्यांना जेवण जाईनासं झालं. सुई टोचणं सोडून त्यांनी ड्रेसिंगचं काम मागून घेतलं. मला त्यांची फार काळजी वाटे.

शेवटी तडजोड ठरली. दवाखान्यानं दोष मान्य न करता भरपाई द्यायची, नामदेवनं दावा सोडायचा. मसुदा माझा होता आणि मला त्याचा अभिमानही होता. पेणच्या रामवाडी स्टँडवरून एसटीनं सिस्टरना रोह्याच्या कोर्टात नेताना "तुम्ही काही बोलू नका," असं मी जवळचं वडखळ येईपर्यंतच चारदा बजावलं.

नामदेव काठी टेकत आला. पेन हातात घेऊन थांबला. "सही करतो, पन मला झालं काय, ते कोनी सांगल काय?"

आमचे वकील साहेब म्हणाले, तो प्रश्न आता मिटला. नामदेवनं पेन खाली ठेवलं. इतक्या महिन्यांची बोलणी मोडायला आली.

सिस्टर उठल्या. मी त्यांचा पदर ओढला, तो सोडवून त्या त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "मला ठाव नाय रे. माझ्या हातनं झालं काय, ते पन ठाव नाय. रोज इचार करते."

"सगले आमच्यामुलं नाय झालं, येवढंच सांगत व्हते," नामदेव म्हणाला. "ठाव नाय म्हननाऱ्या तुमीच पयल्या." मग त्यानं सही केली.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "सुटलो एकदाचे, सिस्टर."

"तू सुटलीस गो," त्या म्हणाल्या.

माझ्या मांडीवरच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होत्या, शिक्के होते. सिस्टरना मोकळं करणारी एक ओळ मात्र मला त्यात लिहिता आली नव्हती.