गरम झाली की बिघडणारी गाडी

आईला दमा आहे आणि तिचे डॉक्टर अकोल्याला आहेत. दर दुसऱ्या सोमवारी मी रजा टाकते आणि आम्ही दोघी अमरावतीहून गाडीनं निघतो. गाडी पेट्रोलची, सोळा वर्षांची, पण कुरकुर न करणारी. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र तिनं मला रडवायचंच तेवढं बाकी ठेवलं.

आधी वास यायला लागला, कच्च्या पेट्रोलचा. मग गाडी उभी असताना इंजिन धडधडायचं, सीटसकट आम्ही हलायचो. रेस दिली की मागून काळा धूर. सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं तर काजळ घातल्यासारखं काळं होऊन आलं. आईनं पदर नाकाला लावला तो अकोला येईपर्यंत काढला नाही. वर मलाच म्हणाली, "मले काई नाई होत वं. तू समोर पाहून चालव."

अमरावतीत आमच्या ओळखीचं एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीनं मशीन लावून पाहिलं. इंजिनात पेट्रोल जास्त जाऊन राहिलं, असं त्यात आलं. ते मलाही वासावरून कळत होतं. त्यानं प्लग काढले, ते काजळीनं माखलेले. पुसले, बसवले, एअर फिल्टर बदलला. गाडी झकास झाली. दुसऱ्या दिवशी बडनेरा मागे टाकलं आणि परत तेच.

पुन्हा गेले. यावेळी सायलेन्सरजवळचा सेन्सर बदलला. तिसऱ्या वेळी इंजेक्टर साफ झाले. दरवेळी सकाळी गॅरेजात गाडी शहाण्यासारखी चालायची आणि दरवेळी बडनेऱ्याच्या पुढे गेलं की धडधड सुरू. मग मी नीट लक्ष दिलं. घरून निघाल्यावर पहिली दहा-बारा मिनिटं काही म्हणजे काही होत नव्हतं. इंजिन तापलं की बिघडायचं. हे मी एका कागदावर लिहून नेलं, बोलताना काही सुटू नये म्हणून.

मिस्त्रीनं कागद हातात घेतला, घडी केली आणि टपावर ठेवून दिला.

"मॅडम, तुमी हाफ क्लचवर चालवता, पाय क्लचवरच ठेवून. म्हणून पेट्रोल खाते."

"हाफ क्लचनं काळा धूर येतो का? आणि तोही गाडी तापल्यावरच?"

"तुमी साहेबाले पाठवा न. त्यायले समजावून सांगतो."

"साहेबाला गाडी चालवता येत नाही," मी म्हटलं. ते खरंच आहे. माझा नवरा स्कूटरच्या पलीकडे गेलेला नाही. मिस्त्री हसला, मला मात्र हसू आलं नाही. मी पंधरा वर्षं गाडी चालवते आहे आणि हा माणूस माझं एक वाक्य पुरं होऊ देत नव्हता.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी बोरगाव मंजू सोडल्यावर गाडी दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा आईला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. दम्याचा पंप दिला, पाणी दिलं, तिला बाहेर काढून झाडाखाली बसवलं. बाहेर अकोल्याचं ऊन, आत पेट्रोलचा वास. काय निवडायचं? मी बॉनेटवर हात आपटला आणि हात भाजून घेतला.

गाडी कशीबशी सुरू झाली. अकोल्यात शिरताना उजव्या हाताला एक पत्र्याचं गॅरेज दिसलं, तिथंच वळवली. आईला आधी तिथल्या कूलरसमोर बसवलं. साठीचे एक मिस्त्री बाहेर आले. मी इंजिन बंद करायला गेले तर म्हणाले, "राहू द्या, चालू राहू द्या." थोडा वेळ नुसते ऐकत उभे राहिले. मग विचारलं, "ताई, सकाळी सुरू केल्यावर बरी असते का?"

अमरावतीच्या चार खेपांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, दहा-बारा मिनिटांचंही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

मशीन त्यांनीही लावलं, पण बिघाड वाचून थांबले नाहीत. एकेक आकडा खाली सरकवत गेले आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "हे पाहा. इंजिन किती गरम हाये म्हणते? सात डिग्री."

इंजिनावरून येणारी धग माझ्या तोंडाला लागत होती.

"गरमीचा सेन्सर खोटं सांगून राहिला," ते म्हणाले. "गाडीले वाटते इंजिन थंडगार हाये. थंड इंजिनले पेट्रोल जास्त लागते, म्हणून ते ओतूनच राहिली. सकाळी इंजिन खरंच थंड असते, तवा बरोबर चालते."

"पण समोरचा गरमीचा काटा तर जागेवर आहे!"

"त्याचा सेन्सर अलग असते या गाडीत."

त्यांनी वायर तपासली, ती चांगली होती. सेन्सर दुकानातून आणला. अंगठ्याएवढी वस्तू. इंजिन निवेपर्यंत मी आईला रिक्षानं डॉक्टरांकडे नेऊन आणलं. परत आलो तेव्हा नवा सेन्सर बसवून गाडी तापवून ठेवलेली होती आणि इंजिन चालू आहे की नाही हे कान देऊन ऐकावं लागत होतं.

मी खूश व्हायचं, तर मिस्त्री रागावले. "इतके दिवस काहून चालवली अशी? कच्चं पेट्रोल जाऊन जाऊन सायलेन्सरातली धूर साफ करायची जाळी जळली असन. वास नाई गेला तर तेबी बदला लागन."

घरी परतताना मूर्तिजापूरला उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबलो. मी इंजिन बंद करेना, पुन्हा सुरू झालं नाही तर? आई वैतागली. "बंद कर न वं. मले रस पिऊ दे, धूर नाई." बंद केलं. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, एका झटक्यात लागली. आई बडनेऱ्यापर्यंत शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी मी जुना सेन्सर घेऊन अमरावतीच्या गॅरेजात गेले. मिस्त्रीनं तो उलटसुलट करून पाहिला. "मी तेच म्हणलो होतो, सेन्सर हाये म्हणून."

"तुम्ही हाफ क्लच म्हणाला होता."

दोन गिऱ्हाइकं बघत होती. तो म्हणाला, "चहा घेता का, मॅडम?"

मी घेतला नाही. सायलेन्सरातून थोडा वास अजूनही येतो. जाळी बदलायचीच आहे, पण त्यासाठी मी गाडी अकोल्याला नेणार आहे.