बाबांचे कावळे आणि कासवाची पिल्लं

वाळवंटात मेलेलं कासव पहिल्यांदा दिसतं तेव्हा ते कासव वाटतच नाही. उन्हानं पांढरी पडलेली एखादी फुटकी वाटी पालथी पडली आहे असं वाटतं. जवळ गेलं की पाठीवरचे खवले सुटून आजूबाजूला विखुरलेले दिसतात, आणि मग कळतं की इथे कुणीतरी बरीच वर्षं जगून गेलं आहे.

कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली तेव्हा मी क्युपर्टिनोतलं खुराड्याएवढं घर सोडून कॅलिफोर्नियातल्याच मोहावी वाळवंटाच्या कडेला एका लहानशा गावात राहायला आले. एकटीच असते. शनिवारी सकाळी इथल्या एका गटाबरोबर रानकासवांची पाहणी करायला जाते. आम्ही थोडं थोडं अंतर ठेवून एका ओळीत चालतो, नजर जमिनीवर. जिवंत कासव क्वचित भेटतं, बहुतेक वेळा अवशेषच. काही सापडलं की हात लावायचा नाही, तिथेच उभं राहून हाक मारायची. मग आमची प्रमुख येते. ती उंच, उन्हानं रापलेली बाई फोटो काढते आणि कासव कशानं मेलं असेल ते सांगते. माझ्या मराठी मित्रमंडळींना हा उद्योग मुळीच कळत नाही. "यार, तू वीकेंडला मेलेली कासवं शोधतेस? तू ओके आहेस ना?" असं एका मैत्रिणीनं फार काळजीनं विचारलं होतं.

मोठ्या कासवांचे अवशेष बघून मला फारसं वाईट वाटत नाही. पिल्लांचं वाटतं. पिल्लाचं कवच पहिली काही वर्षं नखासारखं पातळ असतं. विजेच्या खांबांखाली अशी लिंबाएवढी कवचं सापडतात आणि त्यांच्या पाठीला भोक असतं. ते डोमकावळ्याच्या चोचीचं. कावळे इथे पूर्वीही होते, पण थोडे. माणसं आली, त्यांचा कचरा आला, पाण्याचे नळ आले, तसे ते वाढले. कावळ्यांना काही खायला घालू नका, ते पिल्लांच्या मुळावर येतं, असं आमची प्रमुख दर शनिवारी बजावते.

आणि माझ्या घरी बाबा रोज सकाळी कावळ्यांना घास ठेवत होते.

आई गेली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. ती गेली तेव्हा मी पुण्याला पोचले, सगळं केलं. दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा उरली नाही, असं आपल्याकडे मानतात. कावळे होते. झाडावर बसून आमच्याकडे बघत होते, पण एकही खाली येईना. मग आईची काय इच्छा राहिली असेल याचे तर्क सुरू झाले. मावशी म्हणाली, "पोरीचं लग्न, दुसरं काय!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काहीच कबूल केलं नाही आणि कावळाही हलला नाही. "तुम्ही बोला तिच्याशी काहीतरी," असं सगळे बाबांना सांगत होते. बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि आम्ही घरी आलो.

तशीही रीत आहेच. पण बाबांच्या मनातून ते गेलं नाही. "तिनं जन्मभर सगळ्यांना वाढलं," ते म्हणायचे, "आणि आम्ही तिला गवत लावून वाटेला लावलं." आई खरंच तशी होती. सोसायटीतलं कुणाचंही पोर खेळून घरात आलं की "आधी पोरांचं होऊ दे" म्हणून त्याच्या हातात तूप-साखरेची पोळी द्यायची. स्वतःचं ताट सगळ्यात शेवटी.

वर्षश्राद्ध माझ्याकडेच करायचं ठरवून बाबा इथे आले. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागच्या अंगणाच्या भिंतीवर भाताचा घास ठेवला. हात मागे घेतात न घेतात तोच दोन डोमकावळे उतरले आणि घास फस्त. बाबा घरात आले ते डोळे पुसतच.

"शिवला गं! लगेच शिवला!"

त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि दुपारी गाढ झोपले. आई गेल्यापासून मी त्यांना असं झोपलेलं बघितलं नव्हतं. मग ते रोजचंच झालं. सकाळचा चहा, मग भिंतीवर घास, मग पुण्याला मावशीला फोन करून त्याचं साग्रसंगीत वर्णन. कोणत्या तोंडानं सांगणार होते मी? दर शनिवारी भोकं पडलेली कवचं बघून यायचे, बाबांना विचारायचे, "आज आले होते का?" आणि स्वतःवरच चिडायचे.

एका शनिवारी बाबाच म्हणाले, "चल, बघू तरी तुझी कासवं." माझी मोठी हॅट घालून ते ओळीत चालायला लागले. आधी त्यांना एका मोठ्या कासवाची पाठ सापडली. देवळात गाभाऱ्यासमोरच्या कासवाला करतात तसा त्यांनी वाकून नमस्कार केला. आमची प्रमुख आदरानं बाजूला थांबली. मग एका खांबाखालून त्यांनी पुन्हा हाक मारली. मी गेले तर ते उकिडवे बसले होते.

"केवढंसं आहे गं! आणि हे भोक कशानं?"

मागून आलेल्या प्रमुखबाईनं इंग्रजीत सांगून टाकलं आणि खांबाच्या टोकावरच्या घरट्याकडे बोट केलं. घरट्यात एक डोमकावळा बसला होता. बाबांनी मान वर करून बघितलं.

"आपल्याकडे येतात तेच का हे?"

"हो, बाबा. तसलेच."

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्हाला झोप लागायला लागली होती."

घर जवळ आल्यावर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "म्हणजे तिनं घेतलंच नाही. नुसते भुकेले कावळे येत होते." मला रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून घास बंद झाला. कावळे भिंतीवर येऊन ओरडायचे आणि बाबा त्यांच्याकडे पाठ करून बसायचे. जेवण कमी झालं, झोपही उडाली. मी म्हटलं, "बाबा, एका दिवसानं काही बिघडत नाही. वर्षश्राद्धाला ठेवा घास. मीच ठेवते हवं तर."

श्राद्धाच्या दिवशी मी भात, वरण, वडे, खीर असं सगळं केलं. बाबा फिरून आले ते हातात सुक्या गवताची जुडी घेऊन. टेबलापाशी बसून त्यांनी ती मुडपली, पिळली, दोऱ्यानं बांधली. जे तयार झालं ते कावळा कमी आणि केरसुणी जास्त होतं. मी हसले नाही.

आम्ही ताट घेऊन अंगणात गेलो. कावळे भिंतीवर हजर होतेच, गळे फुगवून बसले होते. बाबांनी ताट खाली ठेवलं नाही, हातातच धरलं. घाटावर ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ते बाबा आईशी मोठ्यानं बोलायला लागले.

"हे बघ, यांना रोज देत होतो ते तुझ्यासाठीच देत होतो. पण इथली पिल्लं फार लहान आहेत गं. लिंबाएवढी. हे मेले त्यांची पाठ फोडतात. तू कधी पोरांच्या आधी जेवलीस? मग आजही गवताचंच गोड मानून घे."

आणि त्यांनी तो गवताचा कावळा भाताला लावला. एक डोमकावळा धीर करून जवळ उतरला, तर बाबांनी त्याला "हड्!" म्हणून हाकललं. मग आम्ही आत आलो आणि मी दार लावून घेतलं.

ते ताट त्यांनी आईच्या फोटोसमोर ठेवलं आणि गवताचा कावळा त्याच्या बाजूला. मी आमची ताटं घ्यायला उठले, तर बाबांनी मला खाली बसवलं. आमच्या घरात मी त्यांना कधी वाढताना बघितलं नव्हतं. त्यांनी डाव हातात घेतला आणि आधी माझं ताट वाढलं.