तरंगती बंदूक

“अप्पा, तरंगलेली कुठं टाकलाव? मी काय विचारून राहिलो, चारांतली एक तरंगली का न्हाई?”

माझा लातूरचा मित्र आपल्या बियाण्याच्या दुकानात असा ओरडत होता की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उठली ती थेट औशाच्या दिशेनं गेली, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून परतलेली नाहीत. अप्पा म्हणजे त्याचे वडील. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गादीवर मांडी, पुढ्यात स्टीलचा पेला. पेल्याच्या तळाशी करंगळीच्या पेराएवढ्या तीन काळ्या बंदुका पडलेल्या.

“तरंगली की,” अप्पा म्हणाले. “पोचट होती. काढून टाकलो.”

मी आणि नांदेडचे सर अजून उंबऱ्यातच होतो. सरांच्या हातात रुमालात गुंडाळलेला डबा होता. तो त्यांनी आणखी घट्ट धरला.

त्या बंदुका माणसाच्या नव्हत्या. चाळीसेक वर्षांपूर्वी परदेशात एक अंतराळपट निघाला, त्याबरोबर त्यातल्या पात्रांच्या चार इंची प्लास्टिकच्या मूर्ती दुकानांत आल्या. बाहेरचे लोक त्यांना खेळणी म्हणतात, आम्ही फिगर म्हणतो. नांदेड-लातूर मिळून हे वेड असलेली आम्ही सात-आठ माणसं, आणि त्यांत खरं-खोटं ठरवणारा मी एकटा. हे पद मला कुणी दिलं नाही. मीच घेतलं, आणि कुणी परत मागितलं नाही. फिगर हातात आली की मी आधी मांडीच्या आतली साच्याची शिवण बघतो, मग पायामागे कोरलेलं साल, मग रंगाची कड, आणि शेवटी वास घेतो. वासावरून मी कारखान्याचा देश सांगतो. एकदा तर त्या दिवशी कारखान्यात जेवायला काय होतं तेही सांगितलं होतं. ते खोटं पाडायला अजून कुणी आलेलं नाही.

सर रसायनशास्त्र शिकवत, आता निवृत्त. त्यांच्याकडे पहारेकऱ्याची एक फिगर होती. सिनेमात ह्या पहारेकऱ्याच्या शिरस्त्राणाला चार फटी आहेत, पण पहिल्या खेपेच्या फिगरला कारखान्यानं तीनच पाडल्या. चूक लक्षात आल्यावर पुढच्या खेपेला चार केल्या. म्हणून आमच्यात चुकलेला पहारेकरी दुर्मीळ आणि बरोबर असलेला सामान्य. हे अप्पांना समजावण्यात मी एकदा अख्खी दुपार घातली होती. सगळं नीट ऐकून घेऊन त्यांनी विचारलं होतं, “मग चुकलेला माल परत का न्हाई केले?”

तीन फटींचा तो पहारेकरी माझ्या मित्राला अकरा वर्षं हवा होता. दुकानातल्या काचेच्या कपाटात सगळी पलटण उभी होती आणि मधोमध एका फिगरची जागा मोकळी. तिथं तो दुसरं काही ठेवू देत नसे. बायकोनं एकदा तिथं खोबरेल तेलाची बाटली ठेवली, तर त्यानं दोन दिवस डोक्याला तेलच लावलं नाही. सर पहारेकरी द्यायला तयार झाले, पण बदल्यात मित्राचा तांबडा रोबो हवा, तोही त्याच्या मूळ बंदुकीसकट. घोडं इथंच अडलं होतं. बंदुका बारीक, हरवतात, मग लोक नकला बनवतात. मित्राच्या रोबोची बंदूक तीन नकलांत मिसळली होती आणि चारीही दिसायला जुळ्या बहिणी.

मी फोनवर उपाय सांगितला होता. त्या काळचं प्लास्टिक हलकं, पाण्यावर तरंगतं. नकलेचं जड, बुडतं. पेल्यात टाकायच्या, वर राहील ती खरी. पण मी येईपर्यंत हात लावू नको, परीक्षक मी आहे. मित्रानं पेला भरला, चारी बंदुका शेजारी मांडल्या, वडिलांना सांगितलं की ह्या पाण्यात तपासायच्या आहेत, आणि आम्हाला आणायला तो बसस्टँडला गेला.

आता अप्पांचं आयुष्य बी पाण्यात टाकण्यात गेलेलं. भरलेलं बी बुडतं, पोचट वर येतं, वर आलेलं काढून टाकायचं. तूर असो, हरभरा असो, सोयाबीन असो, निवाडा एकच. पोराचे पाहुणे यायच्या आत काम उरकून ठेवावं म्हणून त्यांनी चारी बंदुका टाकल्या, तीन चांगल्या निघाल्या, एक वाईट निघाली. त्यांच्या हिशेबानं माल बरा होता.

“पण टाकलाव कुठं?” मित्राचा आवाज आता फुटायला आला होता.

“कडीपत्त्याला,” अप्पा म्हणाले.

लातुरात पाणी नालीत ओतणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही. अप्पांनी पेल्यातलं वरचं पाणी, बंदुकीसकट, मागच्या अंगणातल्या कडीपत्त्याला घातलं होतं, आणि माती भुसभुशीत असावी म्हणून वरून बोटानं हलवलीही होती. कडीपत्ता तेलाच्या पत्र्याच्या डब्यात. मित्रानं तो झाडासकट पोत्यावर उलटा केला आणि गुडघे टेकून चिखल चिवडू लागला. सरांनी चष्मा बदलला. मी वरून सूचना देत राहिलो. अशा वेळी कुणीतरी द्याव्या लागतात.

अप्पा दुकानातून बियाण्याच्या चाळण्या घेऊन आले. “सरक,” मुलाला म्हणाले, “असं चिवडून मोडशील.” मोठ्या भोकाच्या चाळणीतून माती गेली, मग मधल्या. मनगट असं फिरत होतं की पृथ्वीनं त्यांच्याकडून शिकावं. तिसऱ्या चाळणीत दोन खडे, एक गांडूळ आणि ती बंदूक राहिली. गांडूळ अप्पांनी परत मातीत सोडलं.

धुऊन पुसून, कोरडी करून मी ती चिमट्यात धरली, ताज्या पेल्यातल्या पाण्यावर अलगद ठेवली आणि हात मागे घेतला. तरंगली. मी मान डोलावली, सरांकडे बघितलं आणि अस्सल असल्याचं जाहीर केलं.

“असं न्हाई,” अप्पा म्हणाले. “कोरडी वस्तू उगी घडीभर वर राहती. सुई बी राहती. बोटानं बुडवून सोडायचं. मग वर आली तर खरं.”

आणि त्यांनी बोट घातलं. बंदूक तळाला गेली, तिथून सुटली आणि परत वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा आली. “हं,” अप्पा म्हणाले, “पक्की पोचट हाय.” मित्रानं रोबोच्या मुठीत ती बसवली. बोटांत अशी गच्च गेली की सरही पहिल्यांदा हसले. मित्राचं लक्ष तोवर सरांच्या डब्याकडे गेलं होतं, आणि तिथून कपाटातल्या मोकळ्या जागेकडे.

“आता सरांची बी द्या,” अप्पांनी हात पुढे केला. “पेला भरलेलाच हाय.”

मी म्हणालो, त्याची गरज नाही. पहारेकऱ्याची बंदूक मी स्वतः नऊ वर्षांपूर्वी, नांदेडला सरांच्या घरी, पाण्यावर ठेवून पास केली आहे. मी असंही म्हणालो की चहा निवून राहिला, गाडीची वेळ होऊन राहिली, आणि अप्पांना ऊन लागेल. पण सर सरळ माणूस. त्यांनी रुमाल सोडला, पहारेकऱ्याच्या हातातली बंदूक काढली आणि अप्पांच्या तळव्यावर ठेवली.

ती तरंगली. मग अप्पांनी बोट लावलं. बंदूक खाली गेली आणि सरकारी कचेरीतल्या अर्जासारखी खालीच राहिली.

मी सांगितलं की लातूरचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की त्यात कपडे धुतले तर उभे वाळतात, अशा पाण्यात खऱ्या वस्तूचाही निभाव लागत नाही. सर पेल्याकडे बघत म्हणाले, “जड पाण्यात वस्तू जास्त तरंगते. कमी नाही.” चाळीस वर्षं वर्गात हेच सांगितलेला माणूस होता तो.

मित्र म्हणाला, “सर, मला चालतंय. पहारेकरी तर खरा हाय न्हवं? बंदूक राहू द्या.”

“तुम्हाला चालेल हो,” सर म्हणाले. “पण मी अपुरी वस्तू देऊन पुरी कशी नेऊ?”

मित्रानं आणखी दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा तर रोबो उचलून सरांच्या पिशवीशी नेऊन ठेवला. सरांनी तो दोन्ही हातांनी परत केला, पहारेकऱ्याला रुमालात गुंडाळलं, डब्याचं झाकण लावलं. बुडालेली बंदूकही नकलांत टाकली नाही, वेगळ्या कागदात बांधून घेतली. माझ्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की त्यांच्या घरच्या बाकीच्या बंदुकाही मी अशाच नुसत्या वर ठेवून तपासल्या होत्या का. मी त्यांना शिरस्त्राणाच्या फटींबद्दल काही नवीन माहिती दिली.

अप्पांनी सगळ्यांना जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. वरण कुठल्या डाळीचं ते त्यांनी सांगितलं, ती कशी निवडली तेही. मित्रानं एक भाकरी मोडली आणि बराच वेळ मोडतच राहिला. त्याच्या पाठीमागे कपाटात रोबो बंदूक रोखून उभा होता, शेजारची जागा होती तशीच.

बसस्टँडवर सर आधी चढले, खिडकीजवळ बसले आणि शेजारच्या सीटवर डबा ठेवला. मी खाली मित्रापाशी रेंगाळलो. त्याच्या नखांत अजून कडीपत्त्याची माती होती. मी त्याला म्हणालो की हैदराबादला माझा एक माणूस आहे, त्याच्याकडे तीन फटींचे पहारेकरी मूठमूठ पडलेत. वर्षाच्या आत एक आणून देतो, बंदुकीसकट, माझ्या स्वतःच्या हातानं तपासून.

“आण,” तो म्हणाला. “अप्पा बघतील.”